जिममधली २४० ची डेडलिफ्ट आणि मराठवाड्याचा विक्रम

अंबाजोगाईहून एका मुलानं विचारलंय, त्याचा सारांश असा. वय २२, वजन ७३ किलोच्या आसपास. जिममध्ये २४० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) निघाली, व्हिडिओ काढलाय. बीड जिल्ह्यात त्या वजनात एवढं कुणी उचलल्याचं त्याच्या ऐकिवात नाही. तर हा मराठवाडा विक्रम धरता येतो का, त्याची नोंद कुठं होते आणि पुढं नोकरीसाठी ती कामाला येते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, धरता येत नाही. तुझ्या ताकदीबद्दल मला शंका नाही; ७३ किलोच्या पोरानं २४० जमिनीवरून सोडवणं ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागची मेहनत मला कळते. पण विक्रम म्हटला की चार प्रश्न येतात. वजन खरंच तेवढं होतं हे कुणी तपासलं? तुझं स्वतःचं वजन कुणी, कधी घेतलं? उचल नियमात होती हे कुणी ठरवलं? आणि ते कुठं लिहिलं गेलं? व्हिडिओत यातल्या एकाचंही उत्तर नाही.

दुसरी अडचण मराठवाड्याची आहे. शक्तितोलनात, म्हणजे पॉवरलिफ्टिंगमध्ये, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आशियाई आणि जागतिक अशा पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे आयपीएफ, १९७२ साली स्थापन झाला. त्याच्याखाली खंडाखंडांचे महासंघ, देशात पॉवरलिफ्टिंग इंडिया, तिला जोडलेल्या राज्य संघटना आणि त्यांच्याखाली जिल्हा संघटना. या उतरंडीत महसुली किंवा ऐतिहासिक विभागाला जागाच नाही. क्रीडा खात्याचे आपल्याकडं छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग आहेत. विद्यापीठंही दोन. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव एका विद्यापीठाकडं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली दुसऱ्याकडं. पण आठही जिल्ह्यांचं मिळून एक विक्रमपुस्तक राखणं हे यांपैकी कुणाचंच काम नाही. त्यामुळं 'मराठवाडा विक्रमवीर' असं बॅनरवर लिहिलेलं दिसलं तर विचारायचं, कुठल्या स्पर्धेत, कुठल्या वजनगटात, कुणाच्या नोंदीवरून? उत्तर मिळालं तर त्या खेळाडूला मनापासून सलाम. नाही मिळालं तर ती कार्यकर्त्यांची हौस समजायची.

आता विक्रम होतो कसा ते सांगतो. यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम चकत्या तोलण्याचं, म्हणून तिथूनच सुरुवात.

आयपीएफच्या नियमानं बार २० किलोचा आणि चकत्या निसटू नयेत म्हणून लावायचे दोन्ही कॉलर अडीच-अडीच किलोचे. म्हणजे रिकामा बार कॉलरसकट २५ किलो. चकतीवर जे वजन छापलंय त्याच्या पाव टक्का किंवा १० ग्रॅम, एवढाच फरक चालतो. २५ च्या लाल चकतीला पाव टक्का म्हणजे साडेबासष्ट ग्रॅम. आपल्या जिममध्ये असतात त्या ओतीव लोखंडाच्या चकत्या. त्यांवर २० लिहिलेलं असतं आणि काट्यावर टाकली की अर्धा-पाऊण किलो इकडं-तिकडं सहज भरतं. बारची तऱ्हा याहून वाईट. बऱ्याच ठिकाणी '२० चा बार' म्हणून जो असतो तो १५ ते १८ च्या मधे कुठंतरी असतो. तुझे २४० प्रत्यक्षात २३२ असू शकतात, किंवा २४५ सुद्धा. तुलाही ते माहीत नाही आणि मलाही.

आमच्या लातुरात एका जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या चकत्या टेम्पोत घालून मोंढ्यात नेल्या होत्या, कारण हॉलमधला काटा एवढ्या बारकाव्याचा नव्हता. आडत दुकानदार ओळखीचा. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचं त्या वर्षाचं पडताळणी प्रमाणपत्र होतं, ते आधी वाचून घेतलं. सोयाबीनचे कट्टे बाजूला सरकवून एकेक चकती ठेवायची, आकडा मोठ्यानं वाचायचा, एकानं वहीत लिहायचं, दुसऱ्यानं चकतीच्या पाठीमागं खडूनं खूण करायची. दोन निळ्या चकत्या बसेनात. त्या सरळ बाजूला काढल्या. तिथं जमलेले हमाल आधी हसत होते. नंतर त्यांनाच त्यात गोडी लागली, पुढची चकती किती भरेल यावर पैजा लागल्या. दीड-दोन तासांचं काम. पण दुसऱ्या दिवशी स्टेजवर जे उचललं गेलं ते किती होतं याबद्दल कुणाच्या मनात किंतु नव्हता.

एक गणित करून बघ. बारवर २१८ किलोच्या चकत्या असतील आणि प्रत्येक चकती नियमाच्या अगदी कडेला असेल, तर पाव टक्क्यानंसुद्धा जवळजवळ ५४५ ग्रॅमचा फरक पडतो. विक्रम मोडायला मात्र आधीच्यापेक्षा फक्त अर्धा किलो जास्त लागतो. म्हणजे नियमात बसणारी चूकच विक्रमापेक्षा मोठी होऊ शकते. म्हणून विक्रमाची शक्यता असलेल्या गटात 'नियमात बसतंय' एवढ्यावर मी थांबत नाही. वर-खाली भरणाऱ्या चकत्यांच्या जोड्या अशा लावतो की एकूण फरक शून्याच्या जवळ येईल. स्पर्धेपूर्वी बार आणि चकत्या तोलून नोंदवलेल्या असल्या की विक्रमानंतर पुन्हा तोलत बसावं लागत नाही, नियमच तसा आहे.

काटा दुसऱ्यांदा येतो तो खेळाडूच्या वजनाला. स्पर्धा सुरू व्हायच्या दोन तास आधी वजनं घ्यायला सुरुवात होते आणि दीड तास चालते. काटा डिजिटल हवा, दोन दशांशांपर्यंत दाखवणारा, आणि त्याचं प्रमाणपत्र स्पर्धेच्या तारखेच्या आत वर्षभरातलं हवं. ७४.०० भरलास तर ७४ किलोपर्यंतच्या वजनगटात. ७४.०१ भरलास तर दीड तासात कमी करून पुन्हा ये, नाहीतर ८३ च्या गटात खेळ. आणि मग विक्रमही ८३ चाच मोजला जाणार. तुझं वजन ७३ च्या आसपास आहे, म्हणजे तुला फारसं काही करायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, पारा चाळिशीच्या पुढं असताना पोरं दोन-तीन किलो कमी करण्यासाठी पाणी तोडतात, जर्किन घालून पळतात. चक्कर येऊन पडलेली पोरं मी उचललीत. एका जिल्हा स्पर्धेच्या पदकासाठी मूत्रपिंडाशी खेळायचं कारण नाही. वरच्या गटात जा आणि पोटभर जेवून उचल.

मग प्रत्यक्ष विक्रमाचा प्रयत्न. प्रत्येक प्रकारात, स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं), बेंच (बाकावर आडवं होऊन बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट, तीन-तीन प्रयत्न मिळतात. विक्रमासाठी वेगळा चौथा प्रयत्न आता मिळत नाही, जे करायचं ते या तिनातच. एरवी बारवरचं वजन अडीच किलोच्या पटीतच मागता येतं. विक्रमाला मात्र सूट आहे. समजा तुझ्या गटातला राज्य विक्रम २४२.५ आहे. तू २४३ मागू शकतोस. २४३ मधून बार-कॉलरचे २५ गेले, उरले २१८, म्हणजे एका बाजूला १०९. चार लाल चकत्या, मग ५, मग अडीच, मग सव्वा, आणि शेवटी पाव किलोची बारीक चकती. ती पाव किलोची जोडी आयोजकाकडं नसेल तर विक्रमाचा अर्धा किलो मागताच येत नाही. सरळ २४५ घ्यावे लागतात. एखाद्याच्या अंगात त्या दिवशी २४३ असतात, २४५ नसतात. म्हणून स्पर्धेला नाव देण्याआधी आयोजकांना फोन करून विचार, विक्रमाच्या चकत्या आहेत का. या प्रश्नावर कुणी गोंधळला तर ती स्पर्धा कशी असेल याचाही अंदाज येतो.

एक प्रयत्न झाला की पुढचं वजन सांगायला एक मिनिट. बार तयार झाल्याची घोषणा झाली की उचल सुरू करायलाही एक मिनिट. स्क्वॉट आणि बेंचचा तिसरा आकडा एकदा दिला की बदलता येत नाही. डेडलिफ्टच्या तिसऱ्याला दोनदा बदलता येतो, बारवर तुझं वजन चढेपर्यंत. विक्रमाचं डावपेच इथंच चालतं. आधीच्या खेळाडूनं विक्रम पुढं नेला की तुझे २४३ आपोआप निरर्थक होतात, तेव्हा आकडे द्यायच्या टेबलाशी तुझ्या बाजूनं कोण उभा आहे आणि त्याला हिशोब येतो का यावर सगळं असतं. सोबत एक शहाणा माणूस घेऊन जा.

निकाल देतात तीन पंच, एक समोर आणि दोन बाजूंना. दोन पांढरे दिवे लागले तर उचल मान्य. आपल्याकडं वीज गेली आणि इन्व्हर्टरनंही दगा दिला म्हणून स्पर्धा अडत नाही. पांढरी-लाल निशाणं हातात असतात, नियमात तशी सोय आहे.

तुझा व्हिडिओ मी पंच म्हणून पाहिला तर काय पाहीन? पहिली गोष्ट, मनगटाला पट्टे होते का. जिममध्ये जड डेडलिफ्टला स्ट्रॅप लावायची सवय असते, स्पर्धेत ते चालत नाहीत, बार बोटांनीच धरायचा. चॉक चालतो. दुसरं, बार वर जाताना एकदाही खाली आला का. तिसरं, मांडीवर टेकवून, गुडघ्याचा धक्का देत वर सरकवला का. चौथं, शेवटी गुडघे सरळ आणि खांदे मागं होते का. आणि पाचवं, बहुतेक पोरं जिथं लाल दिवा खातात ते: समोरच्या पंचानं हात खाली करून 'डाऊन' म्हणेपर्यंत थांबलास का, आणि मग बार हात न सोडता खाली ठेवलास का. जिममध्ये उचलला की आनंदानं टाकून देतात. स्पर्धेत तसा टाकलेला बार म्हणजे बाद. पाय फाकवून, सुमो पद्धतीनं उचललं असशील तर ते चालतं, त्याची काळजी नको. पायात गुडघ्याखालपर्यंतचे लांब मोजे मात्र लागतात.

डेडलिफ्टमध्ये वाद कमी होतात. वाद स्क्वॉटच्या खोलीवर होतात. मांडीचा वरचा भाग, कमरेच्या सांध्यापाशी, गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली जायला हवा. बेंचला २०२३ पासून कोपराचा नियम आलाय, बार छातीवर असताना कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायला हवी. पाठीची कमान करून बार जेमतेम दोन इंच हलवणाऱ्यांना तो जड गेला. माझ्या मते नियम योग्यच आहे.

आता 'विक्रम' एकच नसतो, हे नीट समजून घे. पुरुषांचे खुले गट ५९, ६६, ७४, ८३, ९३, १०५, १२० आणि त्यावरचे. ५३ चा गट फक्त सब-ज्युनियर आणि ज्युनियरला. महिलांचे ४७, ५२, ५७, ६३, ६९, ७६, ८४ आणि त्यावरचे, त्यांचा ४३ चा गट तसाच लहान वयाचा. वयानं सब-ज्युनियर १८ पर्यंत, ज्युनियर १९ ते २३, मग ४० पासून मास्टर्सचे टप्पे. हे वय कॅलेंडर वर्षानं धरतात. तू २२ चा, म्हणजे ज्युनियर विक्रमही मोडू शकतोस आणि खुलाही, एकाच उचलीत. त्याशिवाय क्लासिक वेगळं आणि इक्विप्ड वेगळं. क्लासिकमध्ये कमरेचा पट्टा, मनगटाला आधार देणाऱ्या पट्ट्या (बार धरायचे स्ट्रॅप नव्हेत), गुडघ्याचे स्लीव्ह एवढंच. इक्विप्डमध्ये जाड सूट आणि बेंच शर्ट, ज्यानं आकडे पुष्कळ वाढतात. आणि बेंचचं आणखी एक: फक्त बेंचच्या स्पर्धेतला विक्रम वेगळा लिहितात, तिन्ही प्रकारांच्या स्पर्धेतला वेगळा.

जुन्या खेळाडूंवर यात अन्याय होतो असं मला नेहमी वाटतं. २०११ मध्ये वजनगट बदलले. त्याआधी ६७.५, ७५, ८२.५ असे गट होते, ते बंद झाले आणि विक्रमांची पाटी नव्यानं सुरू झाली. नव्वदच्या दशकात ज्यांनी साध्या पट्ट्यावर, खुराकाला पैसे नसताना ७५ च्या गटात नाव काढलं, त्यांच्या आकड्यांची आजच्या ७४ च्या यादीशी सरळ तुलना होत नाही. पण ते खोटे ठरत नाहीत. ते जुन्या गटाचे विक्रम म्हणून कायमचे तसेच राहतात, आणि तसेच सन्मानानं लिहिले पाहिजेत.

संघटनांचा गुंता थोडक्यात. देशात आयपीएफशी जोडलेली रचना आहे, तशाच इतरही संघटना आहेत आणि प्रत्येकीचं विक्रमपुस्तक आपापलं. काही ठिकाणी स्क्वॉटला मोनोलिफ्ट चालतो, म्हणजे बार घेऊन मागं चालावं लागत नाही. काही ठिकाणी डेडलिफ्टला पातळ, जास्त वाकणारा बार असतो. आयपीएफमध्ये तिन्ही प्रकारांना एकच बार. यात कुणी खरा, कुणी खोटा असं मी म्हणत नाही, पण एका पुस्तकातला आकडा दुसऱ्यात लिहिता येत नाही. आणि 'जागतिक विक्रम' म्हणून गावात मिरवणूक निघाली तर एवढं लक्षात ठेव: आयपीएफचा जागतिक विक्रम जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत होत नाही, त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आंतरराष्ट्रीय पंच आणि उत्तेजक चाचणी लागते. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, पथक मात्र राष्ट्रीय स्पर्धेतही येतं. चाचणीत सापडलास तर निकाल रद्द, विक्रम रद्द, वर बंदी. डब्यावर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवून ओळखीच्या दुकानातून काहीही घेऊ नकोस. आपल्या भागातल्या चांगल्या पोरांची वर्षं यात गेली, आणि त्यातल्या काहींना आपण काय खातोय हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग मराठवाड्याचा विक्रम हा विषय सोडून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-सांगलीच्या यादीत आपली नावं कमी दिसतात. हिंगोलीच्या पोरीला समोर राज्य विक्रमाचा आकडा ठेवला तर तो डोंगर वाटतो. आपल्याच आठ जिल्ह्यांतली सर्वोत्तम उचल किती, हे कळलं तर पुढचं वर्ष कशासाठी घालवायचं ते कळतं. म्हणून अशी यादी हवी. फक्त तिला 'आठ जिल्ह्यांतली सर्वोत्तम अधिकृत कामगिरी' म्हणावं, संघटनेचा विक्रम म्हणू नये.

मी माझ्यापुरती अशी वही ठेवतो आणि तिचे नियम कडक आहेत. मान्यताप्राप्त जिल्हा, विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतलीच उचल. मुख्य पंचाच्या सहीची निकालपत्रिका, तिच्यात वजनाच्या वेळचं शरीराचं वजन आणि तिन्ही प्रयत्न दिसले पाहिजेत. खेळाडू स्पर्धेच्या दिवशी आठांपैकी एका जिल्ह्याकडून नोंदलेला असावा. परभणीत जन्मला आणि पुण्याकडून खेळतो तर तो पुण्याचा. हे पोरांना आवडत नाही, पण इथं सूट दिली की यादीला अर्थ राहत नाही. क्लासिक-इक्विप्ड वेगळं, वयोगट वेगळे, २०११ पूर्वीचं वेगळ्या पानावर. महिलांची बरीच घरं अजून रिकामी आहेत. रिकामं घर दिसलं की कुणीतरी म्हणतं, आमची पोरगी नुसतं वजन उचलून विक्रमवीर होईल. तसं मी करत नाही. निदान राज्य स्पर्धेत त्या गटात एकूण, म्हणजे तिन्ही प्रकारांची बेरीज, नोंदवलेलं असावं अशी अट ठेवली आहे, कारण पहिलं नाव हलकं लागलं तर मागून येणाऱ्या मुलींना त्याची किंमत वाटत नाही. ज्या स्पर्धांचे निकाल व्यवस्थित जाहीर होतात ते ओपनपॉवरलिफ्टिंग या खुल्या संकेतस्थळावरही सापडतात, तिथं आपलं नाव आहे का ते पाहत जा. आपल्या जिल्ह्यांचे जुने निकाल बहुतेक कार्यालयातल्या फायलींत आणि प्रशिक्षकांच्या कपाटांत पडून आहेत. ज्यांच्याकडं असतील त्यांनी फोटो काढून ठेवा. वाळवी विक्रम बघत नाही.

नोकरीचं विचारलंस. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं विक्रम विचारत नाहीत, मान्य स्पर्धेतलं स्थान विचारतात. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं होते. आपल्या भागात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यानंतर ती नीट होते, आणि व्हायलाच हवी, कारण प्रत्येक खोट्या कागदामागं घाम गाळलेल्या एका पोराची जागा जाते. तेव्हा स्पर्धेत उतरण्याआधी त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय वाच, आपला खेळ आणि ती स्पर्धा त्यात कुठं बसते ते बघ. कुणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर तिथून निघ.

आता तुझ्यापुरतं. बीडच्या जिल्हा संघटनेकडं जाऊन नोंदणी कर, जन्मतारखेचा कागद आणि आधार सोबत ने. तू महाविद्यालयात असशील तर क्रीडा संचालकांना भेट, आंतरमहाविद्यालयीन शक्तितोलन ही सुरुवातीला सगळ्यात चांगली जागा आहे आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेची वाट उघडते. तोपर्यंत स्ट्रॅप काढून टाक, जिमचा बार आणि चकत्या एकदा मोंढ्यात तोलून घे, आणि प्रत्येक जड उचलीला मित्राला समोर उभा करून त्याच्या 'डाऊन' वर बार खाली ठेवायची सवय लाव. पहिल्या स्पर्धेत डेडलिफ्टची सुरुवात २१० च्या पुढं करू नकोस. दुसरी २२५. तिसरीला काय मागायचं ते दोन पांढरे दिवे पाहून ठरव. आणि घरी निघायच्या आधी निकालपत्रिकेवर आपलं नाव, वजन आणि तिन्ही आकडे बरोबर उतरलेत का ते स्वतः वाच. चूक असेल तर मुख्य पंच हॉलमध्ये असेपर्यंतच दुरुस्त करून घे.